‘ढ’ म्हणता कोणाला?

मराठी भाषेत एका अक्षराची शिवी झालेली आहे. ते अक्षर म्हणजे ‘ढ’. ज्याला धडा वाचता येत नाही, ज्याच्या वहीत कान्याच्या जागी वेलांटी आणि वेलांटीच्या जागी काहीच नसते, तो ढ. याचे कारण जुनी मंडळी मोठ्या गमतीने सांगतात. सम्राट अशोकाच्या काळापासून आजवर बाकीची अक्षरे बदलली, नवनवी वळणे घेऊन मोठी झाली. हा एक ढ मात्र ब्राह्मी लिपीत होता जवळजवळ तसाच राहिला. दोन हजार वर्षे एकाच इयत्तेत बसलेला विद्यार्थी! म्हणून जो पुढे सरकत नाही तो ढ.

विनोद चांगला आहे. परंतु, वाचकहो, एक गोष्ट त्यात नजरेआड होते. अक्षर आपण होऊन बदलत नसते. लिहिणारे हात त्याला घडवीत असतात. इतर अक्षरांवर हात फिरले, म्हणून ती बदलली. ढ तसाच राहिला, यात बिचाऱ्या ढ चा अपराध कोणता?

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपल्या घरांतून आणि शाळांतून ज्या मुलांना ढ, मठ्ठ, आळशी, बेफिकीर अशी विशेषणे लावली जातात, त्यांतील पुष्कळ मुले यांपैकी काहीही नसतात. त्यांना अक्षरे वाचण्यालिहिण्याची एक विशिष्ट अडचण असते. ती पहिली-दुसरीतच, थोडे लक्ष दिले तर ध्यानात येते. आणि वेळीच ध्यानात आली तर त्या मुलाचे सबंध शिक्षण वाचते. ती आपल्याला दिसत नाही, याचे कारण ती फार गुंतागुंतीची आहे हे नव्हे. शिवी हाताशी असताना शोध घेण्याची कोणाला गरज वाटत नाही, हे खरे कारण आहे.

मी डॉक्टर नव्हे, मानसशास्त्रज्ञही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक मास्तर आहे आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. दोन्ही धंद्यांत माणसाकडे नीट पाहावे लागते. जाणत्यांनी जे शोधून ठेवले आहे त्याची वर्गात पडताळणी करणे एवढेच माझे काम, आणि त्यासाठी पदवी लागत नाही.

आता हे मूल कसे असते ते पाहा. सध्या दिवाळी आहे. अंगणात किंवा गॅलरीत किल्ला उभा राहिला असेल. एखाद्या वाडीतला सर्वांत देखणा किल्ला कोणी केला म्हणून विचारावे, तर तो नेमका त्या आठ वर्षांच्या पोराने केलेला असतो, ज्याच्या प्रगतिपुस्तकावर वडिलांनी मान खाली घालून सही केलेली असते. बुरूज कोठे असावा, तळे कोठे खणावे, मोहरी कोणत्या उतारावर पेरावी म्हणजे हिरवळ नीट दिसेल, हे सारे त्याला ठाऊक. त्याला इतिहासातली गोष्ट विचारा, घडाघडा सांगेल. आणि मग त्याच्या हातात पेन्सिल देऊन ‘किल्ला’ एवढाच शब्द लिहावयास सांगा. तो ‘कलिला’ लिहील, ‘किला’ लिहील, उद्या ‘कील्ल’ लिहील. एकच शब्द एका पानावर तीन तऱ्हांनी लिहील. ज्याच्या डोक्यात सबंध गड मावतो त्याच्या डोक्यात एक वेलांटी का मावत नाही, हा प्रश्न आपल्याला पडत नाही. आपण म्हणतो, ‘खेळात बरे लक्ष असते याचे!’ आणि विषय संपतो.

हा प्रश्न एका इंग्रज डॉक्टराला सव्वाशे वर्षांपूर्वी पडला. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या डॉक्टराने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत छापली. मुलगा चलाख, खेळात कोणाला हार न जाणारा, गणितात बरा; परंतु अनेक वर्षे शिकवूनही त्याला साधे शब्द वाचता येत नसत. त्याच्या मास्तराचे मत असे पडले होते की, शिक्षण सगळे तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. त्या अनाम मास्तराला माझा नमस्कार असो. पुस्तके न वाचता त्याने जे ओळखले, ते पुस्तके वाचूनही आपण ओळखत नाही. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द त्याआधीच, १८८७ साली, रुडॉल्फ बर्लिन या जर्मन नेत्रतज्ज्ञाने वापरला होता. म्हणजे हे काल निघालेले फॅड नव्हे. २००७ साली ‘तारे जमीं पर’ हा चित्रपट आला, तेव्हा आपण सारे थिएटरात रुमाल भिजवून बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी पोराची वही उघडली आणि पुन्हा ओरडलो, ‘किती वेळा सांगायचे तुला?’

येथे एक आक्षेप नेहमी पुढे केला जातो. तो असा की, ही इंग्रजीची भानगड आहे. आपली देवनागरी म्हणजे जसे बोलावे तसे लिहावे अशी सरळ लिपी, तिच्यात असले काही होत नाही. हा आक्षेप अर्धाच खरा आहे. इंग्रजी स्पेलिंगाइतकी लहरी आपली लिपी नाही, हे कबूल. परंतु ती पोरखेळ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी पुन्हा एकदा सहा वर्षांचे होऊन तिच्याकडे पाहावे. पस्तीसएक व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेच्या वर आकार झाले, जोडाक्षरे निराळीच. ‘कि’ या अक्षरात क आधी ऐकू येतो आणि वेलांटी मागाहून. कागदावर मात्र वेलांटी आधी. एकटा र घ्या. सूर्यात तो डोक्यावर बसतो, चक्रात पोटात शिरतो, राष्ट्रात पायाशी लोळतो आणि दऱ्यांत आणखी चौथाच वेष घेतो. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष यांत फरक कितीसा? एका रेघेचा, एका गाठीचा. पहिलीतल्या सर्वच मुलांना हे अवघड जाते. बहुतेक मुले वर्ष-दोन वर्षांत यातून पार होतात. काही मुले होत नाहीत. जगभरचे अभ्यासक अशा मुलांचा अंदाज शंभरात पाच ते दहा असा देतात. तो धरला तर चाळीस मुलांच्या वर्गात दोन ते चार मुले झाली. प्रत्येक मास्तराच्या डोळ्यांसमोर आता ते दोन-चार चेहरे उभे राहिले असतील.

अडचण डोळ्यांत असते असा पुष्कळांचा समज आहे. तिचे मूळ बहुतेक वेळा कानामागे, म्हणजे मेंदूने आवाज सुटे करण्यात असते. ‘कमळ’ या शब्दात क, म आणि ळ असे तीन तुकडे आहेत, हे आपल्याला इतके सहज कळते की ते कळावे लागते हेच आपण विसरलो. या मुलांना तो शब्द एकसंध ऐकू येतो. मग त्या तुकड्यांना अक्षरे चिकटवावयाची कशी? आपल्याकडे पोरे ‘च’ची भाषा बोलतात. ‘मला’ म्हणजे ‘चलाम’, ‘मुलगा’ म्हणजे ‘चलगामु’. शब्दाचे पहिले अक्षर काढून शेवटी टाकावयाचे आणि पुढे च लावावयाचा. मोठी माणसे या भाषेला चावटपणा समजतात. वस्तुतः ती वाचनाची उत्तम तालीम आहे. आळीतली सगळी पोरे ही भाषा बोलत असताना एखादे मूल नुसते हसत बाजूला उभे राहते. भेंड्या लागल्या की शेवटचे अक्षर त्याला कधीच सापडत नाही. त्या मुलाकडे लक्ष ठेवा. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. पण चौकशी सुरू करावयास एवढे पुरे आहे.

दुसऱ्याही खुणा आहेत. मूल उशिरा बोलू लागले होते काय? ओळखीच्या वस्तूचे नाव ओठांवर येऊन अडते काय? बडबडगीतांतले यमक ध्यानात येत नाही काय? दुसरीच्या अखेरीस ते शब्द वाचते की पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने ठोकून देते? ओळ सोडते, बोट काढले की हरवते, काना-मात्रा-अनुस्वार गाळते? फळ्यावरचे उतरवून घेताना सर्वांच्या मागे राहते? पाठ केलेला धडा पुस्तक उलटे धरूनही म्हणते आणि नवा परिच्छेद दिला की पोटात दुखते? घरात वडिलांना किंवा मामाला लहानपणी असेच झाले होते काय? कारण ही अडचण पुष्कळदा रक्तातून येते. यांतली एखादी खूण प्रत्येक मुलात असते. तिला घाबरण्याचे कारण नाही. परंतु पाच-सहा खुणा एकत्र आल्या, सहा-आठ महिने नीट शिकवूनही हटल्या नाहीत आणि तोंडी उत्तरे मात्र चोख येत असली, तर ते मूल ढ नाही, एवढे निश्चित समजावे.

आता न्यायाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. न वाचणारे प्रत्येक मूल डिस्लेक्सियाचे नसते. आधी डोळे तपासा, कान तपासा. चष्मा मिळताच हुशार झालेली मुले मी पाहिली आहेत. वारली, कातकरी किंवा कोरकू घरातून आलेल्या मुलाला शाळेची मराठी ही परकी भाषा असते. त्याचे अडखळणे निराळे. दिवाळीनंतर बीडकडची कुटुंबे उसाच्या तोडणीला निघतात आणि पोरे गाड्यांवर बसून शाळेला पाच-सहा महिने अंतरतात. त्या मुलाला वाचता येत नाही तो दोष त्याच्या मेंदूचा नव्हे. तो आपल्या व्यवस्थेचा. २०२४ सालच्या ‘असर’ पाहणीत ग्रामीण भारतातील सरकारी शाळांच्या तिसरीतील शंभर मुलांपैकी सुमारे तेवीसच दुसरीच्या पुस्तकातला मजकूर वाचू शकली. उरलेली सारी मुले जन्मजात अडचणीची असणे शक्यच नाही. त्यांना कोणी शिकवलेच नाही. पण याचा अर्थ असाही होतो की, न शिकवलेल्यांच्या या गर्दीत खरी अडचण असलेले मूल पुरते बुडून जाते. सगळेच बुडत असतील तर पोहता न येणारा ओळखावयाचा कसा? म्हणून चांगले शिकवणे हीच ओळखण्याची पहिली पायरी आहे.

‘मोठा झाला की सुधारेल आपोआप’ असे आजी म्हणते. आजीच्या मायेविषयी पूर्ण आदर बाळगून सांगतो, ही अडचण आपोआप जात नाही. सहाव्या वर्षी अक्षरांचे राहिलेले काम नवव्या वर्षी दुप्पट होते, कारण दरम्यान भूगोल, विज्ञान, गणिताची उदाहरणे सारी वाचूनच शिकावयाची असतात. आणि तोवर मूल एक नवीन विषय पक्का शिकलेले असते, तो म्हणजे स्वतःला ढ समजणे. तो विषय पुसून काढणे बाराखडी शिकवण्यापेक्षा फार कठीण.

‘आमच्या वेळी नव्हती असली थेरं’ असे आजोबा म्हणतात. होती, आजोबा. तुमच्या वर्गातला तो मुलगा, जो चौथीत शाळा सोडून गिरणीत गेला, नाहीतर गुरांमागे गेला, तो कोण होता? त्याची कोणी नोंद ठेवली नाही, एवढेच.

आणि शिकलेले आईबाप म्हणतात, ‘उगाच शिक्का कशाला मारायचा मुलावर?’ हा आक्षेप मला सर्वांत मौजेचा वाटतो. शिक्का मारलेलाच आहे! ‘ढ’ हा शिक्काच आहे, आणि तो तुम्ही, मी, शेजाऱ्यांनी, सर्वांनी मिळून मारला आहे. प्रश्न एवढाच आहे की खोटा शिक्का ठेवावयाचा की खरे नाव द्यावयाचे.

शाळांविषयी बोलल्याशिवाय हे प्रकरण पुरे होणार नाही. आज गल्लोगल्ली बालवर्ग निघाले आहेत आणि तीन वर्षांच्या पोराच्या हातात चार रेघी वही देऊन त्याच्याकडून पाने भरून घेतली जातात. बोटांत अजून पेन्सिल धरण्याचे बळ नाही, आणि गृहपाठ मात्र रोज! ताराबाई मोडक यांनी १९२६ साली गिजुभाई बधेका यांच्याबरोबर नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडला वारली मुलांसाठी त्यांनी जे काम उभे केले, त्यात गाणी, गोष्टी, माती, बिया आणि पाने हे बालशिक्षणाचे साहित्य होते. त्या अनुभवाला जवळजवळ शतक लोटले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते सहा वर्षांचे शिक्षण खेळातून व्हावे असेच सांगितले. पण पालकांना भरलेली वही दिसली की फी वसूल झाल्यासारखे वाटते, आणि शाळा ती भरून देतात. यात अडचणीच्या मुलाचे दुहेरी नुकसान होते. ज्या वयात त्याचे कान तयार करावयाचे त्या वयात त्याचा हात पिरगळला जातो. आणि सगळीच मुले रडत लिहीत असल्यामुळे त्याचे रडणे निराळे ओळखू येत नाही.

मार आणि पाणउतारा यांविषयी काय सांगावे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी केली आहे. छडी पुष्कळशी गेली, हे खरे. पण चुकलेला शब्द शंभर वेळा लिहून आणावयास सांगणे आणि न येणाऱ्याला वर्गासमोर उभे करून वाचावयास लावणे, या गोष्टी अद्याप शिक्षण या नावाखाली चालू आहेत. लंगड्या मुलाला शंभर वेळा पळावयास लावले म्हणजे त्याचा पाय सरळ होतो काय?

सर्वांत मोठी विसंगती मात्र पुढेच आहे. महाराष्ट्राने या बाबतीत इतरांच्या आधी पाऊल टाकले. १९९६ साली मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली आणि त्याच सुमारास राज्य शासनाने अशा मुलांना शालान्त परीक्षेत सवलती देऊ केल्या. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, असे त्यांचे स्वरूप. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या अडचणीला रीतसर मान्यता दिली. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु घडते काय? मूल पहिलीत अडखळते, दुसरीत अडखळते, पाचवीत मागे बसते, सातवीत उलट उत्तरे देऊ लागते. आणि नववीत गेल्यावर आईबापांची दाखल्यासाठी धावपळ सुरू होते. म्हणजे अडचण ओळखावयाची ती मुलासाठी नव्हे, बोर्डाच्या परीक्षेसाठी! घर जळून गेल्यावर विम्याचे पैसे मिळवावेत, तसा हा प्रकार आहे. पैसे अवश्य मिळवा. पण धूर दिसला तेव्हा घागरभर पाणी का टाकले नाही?

पक्के निदान साधारणपणे आठव्या वर्षाच्या आत करीत नाहीत, आणि ते योग्यच आहे. परंतु मदतीला दाखला लागत नाही. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ साली भारतीय भाषांसाठी ‘डाली’ नावाचे तपासणी-साहित्य प्रसिद्ध केले. त्यात मराठी आहे. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी वर्गशिक्षकांनी भरावयाची चाळणीही त्यात आहे. साधन आहे, कायदा आहे, माहिती आहे. नाही ती एकच गोष्ट, आपली इच्छा.

म्हणून माझ्या मागण्या सरळ आहेत. प्रत्येक प्राथमिक शाळेत दुसरीच्या प्रत्येक मुलाजवळ दिवाळीपूर्वी एकदा शिक्षकाने स्वस्थ बसावे, त्याला अनोळखी परिच्छेद वाचावयास द्यावा आणि काय आढळले ते लिहून ठेवावे. गुण देऊ नयेत. जी मुले अडतात त्यांना दुसऱ्याच दिवसापासून अर्धा तास निराळे शिकवावे: थोडीच अक्षरे, ठरलेल्या क्रमाने, आवाज आणि आकार यांची सांगड घालून, रेतीत बोटाने गिरवून, खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवून, तोंडाने म्हणून. माँटेसरीबाईंनी हीच खरखरीत अक्षरे शंभर वर्षांपूर्वी मुलांच्या हातात दिली होती. तालुक्याला निदान एक तरी शिक्षक असा असावा की ज्याने या कामाचे खास शिक्षण घेतले आहे. मुंबई-पुण्यातल्या मुलाला जे मिळते ते चंदगड-अक्राणीच्या मुलाला मिळू नये, असा काही नियम नाही.

घरातल्या मंडळींनाही थोडेसे काम आहे. मूल वाचत नाही म्हणून गोष्ट बंद करू नका. तुम्ही वाचा, त्याला ऐकू द्या. त्याची बुद्धी भुकेली राहता कामा नये. रोज पंधरा मिनिटे वाचन घ्या, दोन तास घेऊ नका. त्याच्या भावंडाशी त्याची तुलना पाहुण्यांसमोर करू नका. त्याच्या हाताला जे येते, किल्ला, चित्र, पेटी, सायकल दुरुस्ती, ते ‘अभ्यास झाल्यावर’ म्हणून हिरावून घेऊ नका. कारण दिवसभरात तो माणसासारखा ताठ उभा राहतो ती तेवढीच जागा असते. आणि शाळेत जाऊन मास्तरांना विचारा, ‘याला किती गुण मिळाले’ असे नव्हे, ‘हा नेमका कोठे अडतो’ असे. या प्रश्नाचे उत्तर ज्या मास्तराला देता येत नाही, त्याने दुसऱ्या कोणाला ढ म्हणू नये.

दिवाळी अंक हा वाचणाऱ्या घरांत जातो. ज्या घरात आई, वडील, ताई सारेच फराळाच्या ताटाशेजारी अंक घेऊन बसतात, त्या घरात न वाचू शकणाऱ्या मुलाला सर्वांत एकटे वाटते. ते खेळावयास पळते, आणि आपण म्हणतो, याला वाचनाची गोडी नाही. गोडी आहे की नाही हे दार उघडल्यावर कळेल. तूर्त त्याच्या हातात किल्लीच दिलेली नाही. सुट्टी संपावयाच्या आत त्याला जवळ बसवा, या अंकातली एखादी गोष्ट त्याला वाचून दाखवा, आणि मग दोन ओळी त्याच्याकडून वाचून घ्या. चुका मोजू नका, नुसते ऐका. शाळा सुरू झाली की जे ऐकले ते त्याच्या बाईंना सांगा. एवढे या दिवाळीत घरोघर झाले, तरी पुष्कळ मुलांच्या नावापुढचा तो ढ पुसला जाईल.